ईरी सरोवराचा शेवाळ-अंदाज: उपयोगी विज्ञान की कृतीला बगल?

काठावरची (प्रस्ताव)

अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवरील ईरी सरोवराच्या पश्चिम भागात उन्हाळ्यात नीलहरित शेवाळ किती माजेल, याचा अंदाज दरवर्षी जूनअखेरीस किंवा जुलैच्या आरंभी जाहीर होतो. तो कोणा एका प्रयोगशाळेचा नसतो. अमेरिकेची हवामान व सागरविषयक संस्था 'नोआ', मॉमी नदीच्या पाण्याचे नमुने १९७० च्या दशकापासून तपासत आलेले हायडलबर्ग विद्यापीठ, मिशिगन विद्यापीठ आणि अन्य काही गट आपापली मॉडेल्स एकत्र आणतात आणि मार्च ते जुलै या काळात नदीतून सरोवरात उतरणाऱ्या, शेवाळाला पोसणाऱ्या फॉस्फरसवरून शेवाळाच्या तीव्रतेचा निर्देशांक मांडतात; आकडा जितका मोठा, तितके शेवाळ जास्त.

मला या कामाचे मोल वाटते ते मुख्यतः त्यातील प्रामाणिकपणामुळे. २०१५ मध्ये ८.७ हा आकडा सांगितला होता आणि शक्यतेची वरची मर्यादा ९.५ दिली होती. प्रत्यक्षात निर्देशांक १०.५ वर गेला. ही चूक झाकली गेली नाही, हंगामाअखेरीस ती सर्वांसमोर मांडली गेली. आपले म्हणणे आधी लेखी सांगून नंतर त्याची झडती देणारी किती शास्त्रे आपल्याला ठाऊक आहेत?

स्पष्टवक्ता

प्रामाणिकपणाबद्दल वाद नाही. प्रश्न उपयोगाचा आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये टोलेडो शहरात नळाच्या पाण्यात मायक्रोसिस्टिन हे विष आढळले आणि चार लाखांहून अधिक लोकांना सुमारे तीन दिवस ते पाणी पिऊ नका असे सांगावे लागले. उकळूनही उपयोग नव्हता, कारण उकळल्याने हे विष नष्ट होत नाही, उलट पाणी आटते तसे त्याचे प्रमाण वाढते. त्या वर्षीचा निर्देशांक होता ६.५, म्हणजे २०११ च्या १० पेक्षा बराच कमी. आकडा मध्यम आणि नळ बंद! टोलेडोच्या गृहिणीने त्या आकड्याचे करायचे काय?

शिवाय रोगाचे निदान केव्हाच झाले आहे. २००८ च्या तुलनेत फॉस्फरस ४० टक्क्यांनी घटवायचे, असे ओहायो, मिशिगन आणि ओंटारियो यांनी २०१५ मध्ये ठरवले आणि त्यासाठी २०२५ ही मुदत घातली. ते लक्ष्य गाठले गेलेले नाही. निदान हाती असताना दरवर्षी नव्याने ताप मोजून तो जाहीर करणे, याला मी उपचार म्हणू शकत नाही.

संख्यावेडा

स्पष्टवक्ता, आपण दोन निराळे प्रश्न एकात गुंफत आहात. हंगामी अंदाज सांगतो तो एकूण शेवाळ किती होईल. उद्या वारा ते कोणत्या काठाला लोटेल, हे तो सांगत नाही आणि सांगण्याचा दावाही करत नाही. टोलेडोत ते शेवाळ नेमके उपसा केंद्राच्या तोंडाशी आले होते. त्यासाठी काही दिवसांपुरता अंदाज लागतो आणि उपग्रहचित्रे व प्रवाहाची मॉडेल्स यांवरून तोही आता दिला जातो. असा इशारा वेळेवर मिळाला तर शुद्धीकरण केंद्राला सक्रिय कोळशाची मात्रा आधीच वाढवता येते.

लहान प्रमाणावर हेच काम व्हर्जिनियातील फॉलिंग क्रीक या जेमतेम ९ मीटर खोल जलाशयावर चालते. व्हर्जिनिया टेकमधील जलशास्त्रज्ञ आणि संगणकतज्ज्ञ यांनी मिळून तिथे वेगवेगळ्या खोलीवरील पाण्याच्या तापमानाचा १६ दिवसांपर्यंतचा अंदाज देणारी व्यवस्था उभी केली, आणि पाण्यातल्या संवेदकांचे ताजे वाचन येईल तसा तो अंदाज स्वतःला दुरुस्त करत जातो. वरच्या उबदार आणि खालच्या थंड पाण्याचे थर केव्हा मिसळतील हे आधी कळले, तर कोणत्या खोलीवरून पाणी घ्यावे हे ठरवणे सोपे जाते. हा उपयोग नव्हे काय?

बांधावरून

मी शेतकरी घरातला आहे, आणि हे फॉस्फरस बरेचसे शेतातल्या खतातून येते; त्यामुळे या चर्चेत आरोपीच्या पिंजऱ्यात कोण उभे केले जाणार हे मला पहिल्या ओळीलाच दिसले. तरीही २०१९ चे उदाहरण सांगतो, कारण ते दोन्ही बाजूंना अडचणीचे आहे. त्या वसंतात इतका पाऊस झाला की मॉमीच्या खोऱ्यातील पुष्कळ शेतांत पेरणीच होऊ शकली नाही, म्हणून खतही पडले नाही. नदी दुथडी भरून वाहिली; पण विरघळलेले फॉस्फरस तेवढ्या पाण्याच्या मानाने कमी निघाले. म्हणजे त्याच वर्षी टाकलेल्या खताचाही वाटा आहे, हे मान्य करावे लागते. मात्र उरलेले फॉस्फरस आले ते वर्षानुवर्षे मातीत साठलेल्या साठ्यातून, आणि त्याचा दोष आजच्या शेतकऱ्याच्या एकट्याच्या माथी मारता येत नाही. अपेक्षित किती होते हे आधी ठाऊक नसते, तर ही तफावत कोणाच्या नजरेत तरी आली असती का?

स्पष्टवक्ता

बांधावरून यांचा मुद्दा मला पटला. अंदाज हा कारणांची परीक्षा घेतो, हे मी विचारात घेतले नव्हते.

तरी एक आठवण करून देतो. १९६० च्या दशकात हेच सरोवर 'मेले' असे म्हटले जात होते. १९७२ च्या दोन देशांच्या करारानंतर सांडपाण्यातील आणि कपडे धुण्याच्या पावडरीतील फॉस्फरसवर बंधने आली, आणि सरोवर सावरले. तेव्हा कोणी दरवर्षी निर्देशांक काढत नव्हते; नियम होते आणि ते पाळायला लावले गेले. याउलट फेब्रुवारी २०१९ मध्ये टोलेडोच्या मतदारांनी सरोवरालाच कायदेशीर हक्क देऊन पाहिले, आणि वर्षभरात न्यायालयाने ते रद्दबातल ठरवले. लोक अशा टोकाला जातात ते माहिती कमी पडते म्हणून नव्हे.

काठावरची

१९७२ मध्ये फॉस्फरस येत होते ते बरेचसे मोजता येण्याजोग्या नळांतून. नळाला तोटी बसवता येते. आज ते हजारो शेतांच्या जमिनीखाली घातलेल्या निचऱ्याच्या नळ्यांतून, पावसाच्या लहरीप्रमाणे येते. एखाद्या वर्षी शेवाळ कमी झाले तर ते उपायांमुळे की पाऊस कमी झाल्यामुळे, हे सांगायला त्या पावसात किती शेवाळ अपेक्षित होते हे माहीत असावेच लागते. नाहीतर कोरड्या वर्षी दोन्ही किनाऱ्यांवरचे राजकारणी आपापली पाठ थोपटून घेतील, आणि तुमच्या ४० टक्क्यांचा हिशेब कोणालाच मागता येणार नाही.

(जाता जाता: उजनीच्या हिरव्या पाण्यावर आपल्याकडे दरवर्षी लेख येतात. पण मॉमीवर हायडलबर्गने केले तसे, एकाच ठिकाणी दशकानुदशके नमुने घेत राहण्याचे कंटाळवाणे काम कोणी अंगावर घेतल्याशिवाय तिथला अंदाज कोणत्याही मॉडेलला काढता येणार नाही.)

स्पष्टवक्ता

हिशेब मागण्यासाठी अंदाज, एवढे मी मान्य करतो. मग जुलैच्या त्या पत्रकात शेवाळाच्या आकड्याशेजारीच त्या वर्षी फॉस्फरस ठरलेल्या मर्यादेपेक्षा किती जास्त आले तेही तितक्याच ठळक अक्षरांत छापावे, आणि ते कोणाच्या हद्दीतून आले तेही.