सणाची वस्तू वर्गात कोणाच्या हातची? तुमचे अनुभव सांगा

मी तिसरीच्या वर्गाला शिकवते. जूनमध्ये शाळा भरली की आषाढीची दिंडी, मग राख्या, पोळ्याचे बैल, गणपती, हादगा, आकाशकंदील, संक्रांतीची भेटकार्डं अशी रांगच लागते. हे दिवस मला मनापासून आवडतात. पण एक गोष्ट बरीच वर्षं मनात आहे, ती आधी सांगते.

माझ्या आधीच्या शाळेत दिवाळीच्या सुट्टीआधी आकाशकंदील स्पर्धा असायची. कंदील घरून करून आणायचा. टेबलावर थर्माकोलचे, जिलेटिनचे, आत दिव्यांची माळ सोडलेले कंदील मांडलेले असत आणि ते कोणी केलेत हे आम्हां सगळ्यांना कळत असे. एका वर्षी स्पर्धा संपल्यावर वर्ग आवरताना मागच्या बाकाखाली एक कंदील मिळाला. वहीच्या पानांचा, शितांनी चिकटवलेला, पायानं दाबून सपाट केलेला. बाकीचे कंदील बघून त्या मुलानं आपला बाहेरच काढला नव्हता. परीक्षक मीच होते.

तेव्हापासून वर्गातली वस्तू वर्गातच करायची, असं मी ठरवलं. घोटीव कागदाचे चौकोन मी कापून देते, त्यांच्या करंज्या, म्हणजे करंजीसारख्या घड्या, मुलं घालतात, आणि चिकटवायला घरून करून आणलेली खळ. तीस मुलांचे तीस वाकडे कंदील होतात. झिरमिळ्या कधी एकाच बाजूला लागतात. मी दुरुस्त करत नाही. तुम्ही काय करता? शिक्षक, पालक, आणि एकेकाळी त्या बाकावर बसलेले, सगळ्यांनी लिहा.

पालक, पुणे

मुलीची राखी मी केली होती. रात्री दहा वाजता तिनं सांगितलं, उद्या न्यायची आहे. ती डुलक्या घेत होती, मी रेशमाचा गोंडा बांधून जुन्या टूथब्रशनं पिंजत बसलो. चांगली फुलली होती. दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्गात विचारलं, कशी केलीस? ती म्हणाली, "बाबांनी केली. मी फक्त बघितली." हे बाईंनीच मला नंतर सांगितलं, रागावून नाही. त्या वाक्यातला "फक्त" माझ्या डोक्यातून गेला नाही. पुढच्या वर्षी ब्रश तिच्या हातात दिला.

निवृत्त शिक्षिका, रायगड जिल्हा

शाडूबद्दल लिहिते, कारण यात मुलं हमखास हिरमुसतात आणि ते टाळता येतं. माती आदल्या दिवशी चाळून भिजवा. दुसऱ्या दिवशी कणकेसारखी मळा आणि बोटाला चिकटायची थांबली की मुलांच्या हातात द्या. सगळ्यांची सोंड गळते! वेगळी वळून नुसती दाबून लावली की वाळताना तो जोड सुटतो. दोन्ही बाजूंना काडीनं आडव्या-उभ्या रेघा ओढायच्या, मध्ये पातळ केलेली माती लावायची, मग दाबायचं. मूर्ती उन्हात ठेवू नका. वरचा थर आधी वाळून आवळतो, आतला ओलाच असतो, आणि पोटावर तडा जातो. पंख्याखालीही नको. सावलीत, ओल्या फडक्याखाली, सावकाश.

माझ्या वर्गात रंग देत नव्हतो. बादलीत विसर्जन करायचो. प्लास्टर ऑफ पॅरिस घट्ट झालं की त्याचं जिप्सम होतं, ते पाण्यात सहज विरघळत नाही. शाडू मात्र मुलांच्या डोळ्यांदेखत बसत जातो. आधी कान जातात, मग हात. एक मुलगी शेवटपर्यंत बादलीशी उकिडवी बसली होती. तो गाळ आम्ही शाळेच्या कुंड्यांत घातला. पुढच्या वर्षी तिनं विचारलं, "बाई, आपला मागचा गणपती कुठल्या कुंडीत आहे?" आणि मला नेमकी कुंडी दाखवता आली.

शिक्षक, नागपूर जिल्हा

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. मुलं लाकडी बैल घेऊन घरोघरी जातात, बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, मिळतो. ज्यांच्याकडे लाकडी बैल नाही त्यांचे आम्ही वर्गात मातीचे करतो. नुसती काळी माती वाळली की भेगाळते, मूठभर गव्हाचं भूस मिसळलं की धरून राहते. हे मला चौथीतल्या मुलानं शिकवलं, त्याच्या घरी भिंती लिंपायची माती तशीच कालवतात.

शिक्षिका, डहाणू तालुका

माझी बदली इथे झाली तेव्हा मी पहिल्या दिवाळीला क्रेप कागद आणि चकाकत्या टिकल्या घेऊन आले होते. मुलं कागदाला हात लावायला बिचकत होती. चुकून फाटला तर, अशी भीती. तिसऱ्या दिवशी मी ते सामान कपाटात ठेवलं आणि विचारलं, तुमच्या घरी भिंतीवर काय काढतात?

पुठ्ठ्याला गेरू लावला. तांदळाचं पीठ पाण्यात कालवलं. बांबूची काडी टोकाशी चावून कुंचला केला. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून उभे केले की माणूस. तारपा म्हणजे इथलं फुंकून वाजवायचं वाद्य. तारप्याचा नाच काढताना मी एक बाई तारपेवाल्याकडे पाठ करून काढली, तर एक मुलगा घाईनं उठला, "तशी नाय, बाई. तारप्याला पाठ नाय दाखवत." नि माझ्या हातातली काडी घेऊन त्यानं ती बाई फिरवली.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, ते पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेलं. खडे, शिंपले, पानं, बिया हेच त्यांचं साहित्य. हे मी डी.एड.ला परीक्षेपुरतं पाठ केलं होतं.

आई, सोलापूर

माझ्या मुलीच्या बाईंनी रमजानभर काळ्या कागदावर रोजचा चंद्र खडूनं काढून घेतला. ज्याला संध्याकाळी, आणि पौर्णिमेनंतर पहाटे, दिसला त्यानं सकाळी येऊन काढायचा. ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे का येते, ते त्यावरूनच समजावलं. वर्गात आमची एकटीच, पण त्या महिन्यात चाळीस मुलं गच्चीत उभी राहून चंद्र शोधत होती.

माजी विद्यार्थी

मी डावखुरा. साधी कात्री डाव्या हातात धरली की पाती एकमेकांपासून फाकतात, कागद कापला न जाता मध्ये दुमडतो. दिंडीच्या पताका कापायच्या होत्या. माझ्या सगळ्या चुरगळल्या. बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी चौकोनी कागद कोपऱ्याला कोपरा लावून दुमडला, घडीवरून नख दोनदा फिरवलं आणि अलगद फाडला. दोन पताका. कडेला जरा मऊ दशा आल्या. थोड्या वेळानं शेजारच्या दोघांनी कात्र्या खाली ठेवल्या, त्यांनाही तशीच कड हवी होती. आज मी बत्तीस वर्षांचा आहे, पाकिटं अजून तशीच उघडतो.

शिक्षक, बीड जिल्हा

आमच्या वर्गातली निम्मी मुलं दिवाळीच्या आगेमागे आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. संक्रांत आली की वर्गात जागा रिकाम्या. मी कंदील लवकर घ्यायला लागलो, दसरा झाला की लगेच. पहिल्या वर्षी चांदणीचे केले. एक मुलगा म्हणाला, "सर, पेटीत बसंल का ह्यो?" सगळा संसार एका ट्रॅक्टरवर जातो, त्यात कंदिलाला जागा कुठली.

मग घडीचा कंदील शोधला. कार्डशीट मधोमध दुमडायची, घडीकडून कात्री लावायची, दुसऱ्या कडेच्या दोन बोटं अलीकडे थांबायचं. पट्ट्या पडतात. उघडून गोल करायचा, पण चिकटवायचा नाही. कडेला भोकं पाडून दोऱ्यानं बांधायचा. दोरा सोडला की सपाट, वहीत मावतो. आत दिवा ठेवायचा नाही, हे मी प्रत्येकाकडून दोनदा वदवून घेतो. तोडणीवरची कोपी, म्हणजे झोपडी, उसाच्या पाचटाची असते.

पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, मुलं परत येतात. मार्चमध्ये त्या मुलानं वहीतून कंदील काढून माझ्या टेबलावर ठेवला. चुलीच्या धुरानं पिवळा काळपट झालेला. तीन पट्ट्या फाटल्या होत्या. तिथे त्यानं उसाचं वाळलेलं पाचट बोटभर रुंद चिरून ओवलं होतं.