अक्कल कोणाची, नियम कोणाचे

खरेदीदार आणि विक्रेते हिशेबी नसतील तर बाजाराचं सगळं गणितच कोसळतं, असं म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. १९९३ साली धनंजय गोडे आणि श्याम सुंदर या संशोधकांनी नेमकं हेच संगणकावर तपासलं. त्यांचे 'व्यापारी' म्हणजे ठार मठ्ठ प्रोग्रॅम: ना आठवण, ना डावपेच, येईल तो आकडा पुकारायचा. अट एकच, तोट्यात सौदा करायचा नाही. तरी दुहेरी लिलावात, म्हणजे घेणारे आणि विकणारे दोघेही भाव पुकारतात अशा बाजारात, शक्य असलेला जवळजवळ सगळा फायदा पदरात पडला! अक्कल अगदीच बिनकामाची नाही म्हणा. मागणी-पुरवठ्याचा आकार बदलला की असे मठ्ठ गडी समतोल भावापासून (जिथे मागणी आणि पुरवठा जुळतात) भरकटतात, हे १९९७ मध्ये संगणकतज्ज्ञ डेव्ह क्लिफ यांनी दाखवलं.

मी एकदा वर्गात पत्ते वाटून असाच बाजाराचा खेळ घेतला होता; कोणी कितीपर्यंत जायचं ते पत्त्यावरून ठरायचं. काळे पत्ते विक्रेत्यांचे, लाल खरेदीदारांचे. आधी जोडीजोडीने कोपऱ्यात कुजबुजत सौदे, रुमालाखाली बोटं दाबतात तसे. एकीने ३० ला घेतलं तेच शेजारच्याने ५५ ला, आणि वर खुशीत! मग तेच पत्ते, पण बोली मोठ्याने आणि प्रत्येक सौदा फळ्यावर. तिसऱ्या फेरीत भाव ४०-४२ वर येऊन बसला. चेंबरलिनच्या १९४८ च्या आणि व्हर्नन स्मिथच्या १९६२ च्या प्रयोगांत (दोघेही अर्थतज्ज्ञ) मोठा फरक असाच होता: आधी खासगी घासाघीस, नंतर उघड बोली आणि पुन्हा पुन्हा फेऱ्या. माझ्या वर्गातही पोरं तीच होती, उघड बोली आणि फळा तेवढा वाढला.