'शॅम्पेन सोशलिस्ट'ला मराठीत काय म्हणाल?

प्रश्न: भाषांतर करताना 'शॅम्पेन सोशलिस्ट' आडवा आलाय. भांडवलशाहीला शिव्या घालणारा, पण तिचीच मलई खाणारा श्रीमंत नट-गवई. 'दांभिक समाजवादी' लिहिलं, तर शॅम्पेनचा फेसच बसला. 'खाल्ल्या घरचे वासे मोजणारा' चालेल का?

प्रतिसाद: वासे नकोत. त्यात कृतघ्नपणाचा आरोप आहे: घर यजमानाचं, तुम्ही पाहुणे, मुकाट जेवा. गवयाला कोणी फुकट जेवू घातलेलं नसतं, तो गाऊन कमावतो. 'पुराणातली वांगी पुराणात' जास्त जवळचं. पण बुवांनी कथेत इतरांना वांगी वर्ज्य सांगितली आणि घरी स्वतः मागितली, ही तिथली मेख. 'श्रीमंतांवर कर वाढवा, माझ्यावरही' म्हणणाऱ्या कोट्यधीशानं कुठलं वांगं वर्ज्य केलं?

प्रतिसाद: फ्रेंच लोक याला 'गोश काव्हियार' म्हणतात, डावे पण ताटात काव्हियार (माशांची महागडी अंडी). आपण 'पुरणपोळी समाजवादी' म्हणावं का? छे, पुरणपोळी सगळ्यांकडेच होते.

प्रतिसाद: यात 'रॅडिकल शिक' (श्रीमंतांची क्रांतीची फॅशन) मिसळू नका, त्याचा रोख वेगळा. १४ जानेवारी १९७० रोजी न्यूयॉर्कच्या पार्क अव्हेन्यूवर संगीतकार लिओनार्ड बर्नस्टाइन यांच्या घरी ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या जहाल पक्षाच्या कैदेतल्या कार्यकर्त्यांसाठी निधी गोळा झाला. बोलावणं पत्नी फेलिसिया यांचं, पण नाव झालं नवऱ्याचं. जामीन माणशी १ लाख डॉलर, म्हणजे पैसा खरोखर हवा होता. पत्रकार टॉम वुल्फनी त्याच वर्षी या मेजवानीवर लेख लिहून 'रॅडिकल शिक' हा शब्द रुळवला. लेखात लक्षात राहतात त्या सुक्यामेव्याच्या कुटात घोळवलेल्या रॉकफोर चीजच्या गोळ्या. कैद्यांचं काय झालं ते कोणी विचारत नाही. (१९७१ मध्ये ते निर्दोष सुटले.) वुल्फचा टोला खोटेपणावर कमी, मिरवण्यावर जास्त आहे. त्याला मी 'हौशी क्रांतिकारक' म्हणेन. 'हौशी'त नाटकवाली हौसही आली आणि पैठणीवालीही.

प्रश्नकर्ता: 'हौशी' झकास, पण माझ्या मजकुरात तो शब्द विरोधी उमेदवार भर सभेत फेकतो. तिथे तो फारच प्रेमळ वाटेल. 'शॅम्पेनवाले समाजवादी' ठेवतो. 'वाले'त हवी तेवढी कुचेष्टा आहे.