डार्क येलोची अचूक शेड : शोधायची की नाद सोडायचा?

पँझरवाला_पुणेकर
टँकच्या मॉडेलसाठी रंग मारून बघितलेले तीन प्लास्टिकचे चमचे समोर ठेवून बसलोय. तीन कंपन्यांचा डार्क येलो, तिन्ही बाटल्यांचा दावा एकच, 1943 नंतरचा जर्मन टँकचा रंग. एक पिठल्यासारखा, दुसरा ओल्या वाळूचा, तिसऱ्यात चक्क हिरवट झाक. आणि 1/35 मापाचा (खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाचा) पँझर फोर टँक दोन आठवडे प्रायमर मारून तसाच पडलाय.

माझं मत स्पष्ट आहे, अचूक शेड नावाचं काही नसतंच. 18 फेब्रुवारी 1943 च्या आदेशाने ग्रे गेला आणि डार्क येलो आला, वर मारायला युनिटला रंगाच्या पेस्टचे डबे मिळायचे, ती पेस्ट पाण्यात नाहीतर पेट्रोलमध्ये पातळ करायची आणि मारायची. रशियात चिखलात उभं राहून कोण माप घेऊन पातळ करत बसलं असेल? आणि आपण इथे बाटलीमागे शेकडो रुपये घालून 'परफेक्ट मॅच' शोधतोय. पिवळट दिसलं की झालं राव.

सत्तर_अठ्ठावीस
दोन वेगळ्या गोष्टी कालवताय तुम्ही. नवीन टँकचा मूळ डार्क येलो कारखान्यात मारला जायचा, आणि कारखान्याला 'नमुन्याप्रमाणे' अशी सूचना होती, म्हणजे नमुना होता! क्रूने हात फिरवला तो मुख्यतः वरच्या हिरव्या आणि तपकिरी पट्ट्यांवर. तिथे पाहिजे तेवढा पातळ मारा, कोण अडवतंय, पण बेसकोटला, म्हणजे खालच्या मूळ रंगाला, तोच नियम लावायचा म्हणजे स्वतःचा आळस क्रूच्या माथी मारणं झालं.

आणि 'पिवळट दिसलं की झालं' वाल्यांसाठी एक उदाहरण. 1939 चे, पोलंडवाले जर्मन टँक आपण वर्षानुवर्षं नुसते ग्रे रंगवले. कोणीतरी जुने आदेश वाचत बसलं म्हणून कळलं की 1937 पासून ग्रेवर एक तृतीयांश डार्क ब्राउन मारायचा नियम होता आणि तो जुलै 1940 ला बंद झाला. ब्लॅक अँड व्हाइट फोटोत दोन्ही इतके काळपट येतात की ब्राउन दिसतच नाही. सगळ्यांनी तुमच्यासारखं 'झालं राव' म्हटलं असतं तर अजून तेच करत बसलो असतो.

पँझरवाला_पुणेकर
@सत्तर_अठ्ठावीस ब्राउन होता की नव्हता हा प्रश्न वेगळा, ब्राउन किती ब्राउन हा वेगळा. पहिल्यासाठी मी पण पुस्तकं चाळतो. माझं भांडण दुसऱ्याशी आहे. आणि जुन्या ग्रे गाड्या युनिटमध्येच पेस्टने पिवळ्या केल्या त्यांचं काय? तो तर बेसकोटच होता ना.

नवशिका_नाशिक
मी नवीन आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. नगरच्या टँक म्युझियममध्ये जाऊन खऱ्या टँकला कलर चार्ट लावून बघितलं तर?

सेंच्युरियन_काका
अरे बाळा, उघड्यावर ऊनपाऊस खात उभा टँक, दर काही वर्षांनी त्याच्यावर ब्रश फिरणारच. तू चार्ट लावशील तो मेंटेनन्सच्या डब्याला, युद्धातल्या मूळ रंगाला नाही. जा मात्र नक्की, वेल्डिंग, बोल्ट, ट्रॅकची रचना बघायला त्याला तोड नाही.

मी सध्या आपल्या पूना हॉर्स रेजिमेंटचा सेंच्युरियन टँक करतोय, 1971 च्या बसंतरच्या लढाईतला, परमवीर चक्र विजेत्या अरुण खेत्रपालांचा. टँकवरचं 'फामागुस्ता' हे नाव चुकलं तर मला झोप लागणार नाही. हिरवा थोडा इकडेतिकडे झाला तर लागते. माझी रेघ तिथे आहे, ज्याने त्याने आपापली ओढावी.

चेंबूरचा_शर्मन
ऑलिव्ह ड्रॅबवाल्यांची, म्हणजे अमेरिकन टँकचा मळकट हिरवा रंगवणाऱ्यांची, तीच गत. कोणी फोटो टाकला की लगेच एफएस 595 या अमेरिकन सरकारी रंगयादीचा नंबर तोंडावर फेकतात. ते स्टँडर्ड 1956 चं, नॉर्मंडी 1944 ची. 😄

सत्तर_अठ्ठावीस
@चेंबूरचा_शर्मन हसा हसा. जवळचा नंबर माहीत असणं हे काहीच माहीत नसण्यापेक्षा बरंच की.

बाल्कनी_स्टुडिओ
तुम्ही सगळे चमचे बघताय कुठे, ते आधी सांगा. मी हेच केलं होतं. रात्री पांढऱ्या ट्यूबखाली जो चमचा हिरवट वाटला तोच सकाळी बाल्कनीत अगदी वाळूसारखा दिसला, आणि त्याला हिरवट म्हणून मी आधीच बाजूला टाकला होता! वर फोटो पुरावा म्हणून आणायचा तर जुनी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म पिवळा काळपट दाखवते आणि निळा फिकट, म्हणजे राखाडी छटेवरून रंग ओळखणं विसराच.

अजून एक. 1/35 चं मॉडेल एका फुटावरून बघणं म्हणजे खरा टँक 35 फुटांवरून बघणं, तेवढ्या अंतरावर रंग जरा फिकाच दिसतो. म्हणून खऱ्या रंगाशी तंतोतंत जुळणारी बाटली मॉडेलवर गडद वाटते. मी तीनचार थेंब बफ (फिकट पिवळसर रंग) घालते, वर वॉश (पातळ गडद रंगाचा हात) मारला की रंग परत गडद होतोच. त्यामुळे @सत्तर_अठ्ठावीस दादा, तुमचा नमुना मान्य, पण तो जसाच्या तसा मारायचा नाही.

सत्तर_अठ्ठावीस
फिका करा, पण कशापासून फिका केला ते तरी माहीत असू दे ना. सुरुवात बरोबर हवी एवढंच म्हणतोय.

पँझरवाला_पुणेकर
आत्ता गच्चीत नेऊन बघितले. पिठलं बाद. वाळूवाला आणि हिरवट, दोघांत खरंच फारसा फरक नाहीये उन्हात 😐 बफ किती घालायचा म्हणालात, तीन थेंब एका कपला का?