मदत हवी आहे: किंडलवरचे हायलाइट छापील पुस्तकाच्या पीडीएफवर आपोआप कसे उतरवावेत?

नमस्कार मंडळी,

मी बारामतीला कॉलेजात इतिहास शिकवते आणि सोबत पीएचडीचं काम चालू आहे. विषय १८७५ चे दख्खनचे दंगे. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले, तिथून १८७९ च्या शेतकरी साहाय्य कायद्यापर्यंतचा काळ. सुपे आमच्याच तालुक्यातलं, म्हणून या कामात जीव जरा जास्तच अडकलाय.

माझं बरंचसं वाचन स्वारगेटच्या एसटीत होतं. जाडजूड ग्रंथ मांडीवर घेऊन बसणं जमत नाही, त्यामुळे ज्यांची ई-आवृत्ती मिळाली ती सात पुस्तकं किंडलवर घेतली आणि दोन वर्षांत त्यांत ४१२ हायलाइट केले. पण संदर्भ द्यायचा तर छापील आवृत्तीचं पान लागतं. ई-पुस्तकात पान नाही, नुसते लोकेशनचे आकडे. शिवाय माझे मार्गदर्शक सर पीडीएफवरच वाचतात, त्यांना खूण केलेलं वाक्य मागच्या-पुढच्या मजकुरासकट पानावर दिसलं पाहिजे. छापील प्रती माझ्याकडे आहेत. त्या घरी स्कॅन केल्या आणि टेसरॅक्ट या प्रोग्रामने मराठी ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा शोधता येणारा मजकूर करणं) करून पीडीएफ बनवल्या. आता किंडलमधले हायलाइट या पीडीएफवर त्याच वाक्यावर पिवळे उमटायला हवेत. हाताने एका पुस्तकाचे केले, चार रात्री गेल्या.

किंडल केबलने जोडलं की डॉक्युमेंट्स फोल्डरमध्ये क्लिपिंग्जची एक साधी टेक्स्ट फाइल मिळते. पहिल्या ओळीत पुस्तकाचं नाव आणि कंसात लेखक, दुसरीत लोकेशन आणि तारीख, मग एक रिकामी ओळ, मग मजकूर, आणि शेवटी बरोबरीची दहा चिन्हं. ती फोडणं सोपं गेलं. एकच लक्षात ठेवावं लागलं: हायलाइट नंतर वाढवला तरी आधीचा तुकडा फाइलमध्ये राहतो, म्हणून एकाच जागेचे तुकडे आले की सर्वांत लांब तेवढा ठेवायचा.

पुढे पायथन या प्रोग्रामिंग भाषेत, पायम्यूपीडीएफ हे पीडीएफ हाताळायचं साधन वापरून प्रत्येक पानावर ते वाक्य शोधायचं आणि सापडलं की हायलाइट लावायचा, असा प्रोग्राम लिहिला. पहिल्या धावेत ४१२ पैकी ६१ सापडले.

का सापडत नाहीत हे बघायला एक वाक्य समोर ठेवलं. "शेतकऱ्याला" हा शब्द दोन्हीकडे अगदी सारखा दिसतो. पण पायथनला लांबी विचारली तर ई-पुस्तकातला १० निघतो आणि माझ्या पीडीएफमधला ११. एकीकडे ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे, दुसरीकडे र, हलन्त, मग न दिसणारा जोडक आणि य. डोळ्यांना एकच शब्द, मशीनला दोन. आणि माझ्या विषयात शेतकऱ्यांशिवाय एक पान जात नाही! "ॲक्ट" चंही तसंच: एका जागी ॲ हे एक अक्षर, दुसऱ्या जागी अ वर वेगळा चंद्र. त्यात ओसीआरने कुठे "घ" चा "ध" केलेला, कुठे ओळीच्या शेवटी शब्द तुटलेला. काही हायलाइट तर एका पानाच्या तळाशी सुरू होऊन पुढच्या पानावर संपतात, त्यांचं काय करायचं हे मला मुळीच सुचत नाही.

आणखी एक पुस्तक फारच अडलं आहे. त्याची पीडीएफ लेखकाच्या घरच्यांनी प्रेमाने दिली. ती जुन्या, युनिकोडपूर्व (म्हणजे अक्षरांना आजचे सर्वमान्य संगणकी क्रमांक मिळण्याआधीच्या) फाँटमध्ये जुळवलेली आहे. पडद्यावर सुंदर मराठी दिसतं, पण मजकूर कॉपी केला की रोमन अक्षरं आणि चिन्हांचा काला हाती येतो.

कुणी असं काम केलं असेल तर कृपया सांगा. डिसेंबरात प्रबंध द्यायचा आहे.

*

प्रतिसाद: अक्षरजुळणी

ताई, पूर्ण वाक्य शोधू नका, शब्द शोधा. पायम्यूपीडीएफ पानावरचा प्रत्येक शब्द त्याच्या चौकटीच्या आकड्यांसह देतं. सगळ्या पानांचे शब्द एकामागोमाग एका लांब यादीत घाला, प्रत्येकाशेजारी पान क्रमांक आणि चौकट. आता हायलाइट वीस शब्दांचा असेल तर या यादीवरून वीस शब्दांची खिडकी सरकवत न्या आणि सर्वांत जास्त जुळणारी जागा घ्या. तंतोतंत जुळायची गरज नाही, पंच्याऐंशी टक्के जुळलं तरी पुष्कळ. पायथनसोबतच येणाऱ्या डिफलिब या मजकूर-तुलनेच्या साधनाने हे होतं, रॅपिडफझ हे वेगळं घ्यावं लागणारं साधन वापरलंत तर बरंच झटपट. पानाची हद्द यात आपोआप ओलांडली जाते: खिडकीतले शब्द दोन पानांवर पडले तर दोन हायलाइट लावायचे, एवढंच.

तुलनेआधी दोन्हीकडचा मजकूर एका साच्यात आणा. आधी युनिकोडचं एनएफसी करा (एकच अक्षर लिहायच्या वेगवेगळ्या पद्धती एका ठरलेल्या रूपात आणणं), मग न दिसणारे जोडक काढा, मग ऱ चा र करा आणि चंद्र असलेला अ जोडून ॲ करा. विरामचिन्हं गाळा. यात "आचाऱ्याला" आणि "आचार्याला" एक होतील हे खरं, पण हे फक्त तुलनेपुरतं आहे, वीस शब्दांच्या वाक्यात त्याने जागा चुकत नाही. मूळ मजकुराला मात्र हात लावू नका, टिपणात ऱ राहिलाच पाहिजे.

*

प्रतिसाद: डीटीपीवाला

मॅडम, जुन्या फाँटच्या फाइलवर मी पंधरा वर्षं काम केलंय. तिचं रूपांतर करत बसू नका, प्रत्येक फाँटचा नकाशा वेगळा असतो. ओसीआरमायपीडीएफ हा प्रोग्राम घ्या, भाषा मराठी द्या आणि फोर्स-ओसीआर (आधीचा मजकूर असला तरी नव्याने ओसीआर करायचा पर्याय) लावा. पानांचं चित्र करून त्यावर नवा मजकूर चढवला जातो. पण ही प्रत सरांना देऊ नका, अक्षरं मूळ फाइलइतकी रेखीव राहत नाहीत. ती फक्त जागा शोधायला वापरा आणि पिवळा रंग मूळ पीडीएफवर चढवा. पानाचं माप दोन्हीकडे तेच असतं, पॉइंटात, ७२ पॉइंटांचा एक इंच. त्यामुळे चौकटीचे आकडे जसेच्या तसे लागू पडतात. पान सरळ करण्याचा पर्याय तेवढा बंद ठेवा, नाहीतर जागा हलते.

पुढच्या पुस्तकांसाठी केओरीडर हे वाचनाचं ॲप बघा. त्यात पीडीएफच मोठ्या अक्षरांत वाचता येते आणि हायलाइट थेट त्याच फाइलमध्ये लिहिता येतात. कोबो या ई-वाचकावर सहज बसतं, किंडलवर मात्र आधी जेलब्रेक (कंपनीने घातलेलं बंधन तोडणं) करावं लागतं.

*

प्रतिसाद: मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. केओरीडरचं पुढे बघेन. प्रबंध हातावेगळा होईपर्यंत किंडलशी खेळायची हिंमत होत नाही, सगळं वाचन त्यात आहे.

शब्दांची खिडकी लावली आणि ३४८ वर पोचले! राहिलेले बहुतेक अगदी छोटे, दोन-तीन शब्दांचे. "गहाणखत लिहून दिले" एवढंच असेल तर ते पुस्तकात तीस ठिकाणी आहे. त्यासाठी लोकेशनवरून अंदाजे पान काढून पाहिलं, पण ई-आवृत्तीत प्रस्तावना आणि टिपा वेगळ्या जागी असल्याने ते दहा-पंधरा पानांनी चुकतं.

*

प्रतिसाद: अक्षरजुळणी

लोकेशनचं गुणोत्तर नको, नुसता क्रम वापरा. लांब हायलाइट आधी पक्के करा, ते खुंटे. लोकेशनच्या क्रमाने एखादा छोटा हायलाइट ज्या दोन खुंट्यांच्या मधे येतो, त्यांच्या पानांच्या मधेच तो शोधा. तीस जागांच्या एक-दोन उरतात. तरी दोन उरल्याच तर प्रोग्रामला ठरवू देऊ नका, त्या दुसऱ्या रंगात दाखवा आणि स्वतः बघा. संदर्भाचं पान चुकीचं जाण्यापेक्षा ते बरं.

*

प्रतिसाद: मूळ प्रश्नकर्ती

आज पहाटे पूर्ण झालं. ४०१ आपोआप लागले, अकरा केशरी रंगात आले, ते चहा घेता घेता हाताने केले. सुप्याच्या बाजाराचं वर्णन माझ्या प्रतीत पान ११३ च्या शेवटच्या दोन ओळींत सुरू होऊन ११४ वर जातं. दोन्ही पानांवर बरोबर तेवढंच पिवळं झालंय. जुन्या फाँटच्या पुस्तकावरही रंग नेमका बसला.

प्रोग्राममध्ये माझ्या फोल्डरांची नावं आहेत, ती काढून रविवारी इथेच टाकते. माझी स्वतःची टिपणं क्लिपिंग्जच्या फाइलमध्ये वेगळ्या नोंदी म्हणून येतात, ती हायलाइटच्या शेजारी पानाच्या कडेला लावायची आहेत. हायलाइटची शेवटची लोकेशन आणि टिपणाची लोकेशन जुळवून ते होईल असं वाटतंय. कुणी केलं असल्यास रविवारच्या आत सांगा, म्हणजे तेही त्यातच घालते.