लिक्विड कूलर आणि गोव्याची हवा : तुमचे अनुभव लिहा

डिचोली
धागा मीच काढते. जत्रांच्या हंगामात आमच्या भागातली नाटकं शूट करते आणि मे महिन्यात एडिटिंगला बसते. कॉम्प्युटरचा प्रोसेसर (मुख्य चिप) एएमडी कंपनीचा रायझन ९ ७९५०एक्स, त्यावर हवेचा मध्यम कूलर. रेंडर (एडिट केलेला व्हिडिओ तयार करणं) लावला की टेंपरेचर ९५ला जाऊन चिकटतं आणि पंखा असा ओरडतो की सासूबाई आतून विचारतात, मिक्सर बंद करायचा राहिला का. ३६०चा, म्हणजे ३६० मिमी रेडिएटरचा लिक्विड कूलर घ्यायचं मनात आहे, पंपाने पाणी फिरवून चिपची उष्णता रेडिएटरवर नेणारा. पण पुण्या-मुंबईचे अनुभव नकोत. इथली खारी हवा, लाल माती, चार महिन्यांचा पाऊस आणि मधेच जाणारी लाईट, ह्यात ज्यांनी वापरलाय त्यांनी लिहा.

फोंडा
फर्मागुढीला इंजिनिअरिंगला होतो तेव्हाची गोष्ट. पहिला लिक्विड कूलर स्वतः बसवला. बायोसमध्येच (विंडोजच्या आधीची सेटिंगची स्क्रीन) ८०, विंडोज येईस्तोवर ९८, आणि मशीन बंद. पंप खराब दिला म्हणून विकणाऱ्याशी दोन दिवस फोनवर भांडलो. तिसऱ्या दिवशी कूलर काढला तर प्रोसेसरवर टेकणाऱ्या तांब्याच्या प्लेटवर पारदर्शक प्लास्टिक तसंच! त्यावर ‘बसवण्याआधी काढा’ असं ठळक इंग्रजीत छापलेलं आणि वर उष्णता वाहून नेणारी पेस्ट छान पसरलेली, पोळीवर तूप लावावं तशी. प्लास्टिक सोललं आणि मशीन ४५वर आलं. विकणाऱ्याला अजून सांगितलेलं नाही.

कळंगुट
समुद्र घरापासून चालत पाच मिनिटांवर. माझ्याकडे २४०चा आहे. दोन वर्षांत रेडिएटरच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांवर पांढरी भुकटी आली, बोट फिरवलं की तांदळाच्या पिठासारखी हाताला लागते. पंख्यांचे स्क्रू गंजले. पाणी मात्र एक थेंबही गळलं नाही. मशीन खिडकीपासून लांब नेलं, तेव्हापासून भुकटी वाढलेली नाही. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, भरधाव फिरू दिला तर त्याचंच बेअरिंग जातं.

पणजी
मी आर्किटेक्ट. कूलर चार वर्षं मुकाट चालला. मग रोज सकाळी मशीन सुरू केलं की माशांच्या टाकीसारखी बुडबुड, आणि एक दिवस पंपाचा आकडा शून्य. वॉरंटी पाच वर्षांची होती म्हणून बदलून मिळाला, पण जुना कुरिअरने मुंबईला पाठवायचा आणि वाट बघायची. तीन आठवडे! मशीनवर पोट असेल तर साधा हवेचा कूलर कपाटात असू द्या.

पेडणे
माझ्या रेडिएटरच्या पंख्यात पाल गेली. ह्याहून जास्त लिहवत नाही. मागची मोकळी खाच जाळीने बंद करा.

मडगाव
असेंबली आणि दुरुस्तीचं दुकान आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

ताई, तुमचा प्रोसेसर ९५ला जातो तो बिघडलाय म्हणून नाही. एएमडीनेच त्याला ९५ची मर्यादा दिलीय आणि तिथपर्यंत तो वेग वाढवत राहतो. खोक्यावर १७० वॉट असले तरी भर कामात २३०पर्यंत ओढतो. ३६०चा लावलात तरी कधीकधी ९५च दिसेल, पण वेग थोडा जास्त आणि आवाज कमी. आणि ती सगळी उष्णता शेवटी तुमच्याच खोलीत येणार, पाण्यातून आली काय नि पात्यांतून आली काय. आधी बायोसमध्ये १०५ वॉटचा इको मोड (कमी वीज ओढायची सेटिंग) लावून बघा. फुकट आहे.

पावसात ट्यूबवर पाणी सुटेल का, हे दर जूनमध्ये कोणीतरी विचारतंच. नाही सुटत. हा फ्रिज नव्हे. खोलीत ३३ असेल तर आतलं पाणी ३३च्या खाली जाणारच नाही, मग दव धरणार कशावर?

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारी बसवण्यातल्या असतात. रबरी ट्यूबमधून वर्षानुवर्षं थोडं थोडं पाणी उडतंच, आत हवेचा फुगा होतो आणि फुगा वरच चढतो. रेडिएटर कॅबिनेटच्या छताला असेल तर तो तिथे निमूट बसून राहतो. रेडिएटर तळाला असेल तर फुगा थेट पंपात. पणजीकर, तुमचा कुठे होता? छताला लावण्याआधी जागा मोजा: रेडिएटर साधारण २७ मिमी, पंखे २५, म्हणजे ५२. उंच रॅम आडवी येते. पंपाची वायर मदरबोर्डवरच्या पंपाच्याच पिनांवर लावा आणि त्याला पूर्ण वेगाने चालू द्या. पंख्याच्या पिनांवर लावली तर प्रोसेसर गार दिसला की बोर्ड पंपच मंद करतो. आणि पाच मिनिटं चालवून ‘मस्त’ म्हणू नका. एवढं पाणी तापायला वेळ लागतो. अर्धा तास ताण द्या, मग आकडा बघा.

पणजी
तळाला.

सांखळी
हसू नका. बुडबुड ऐकून मी बूच काढलं आणि विहिरीचं पाणी भरलं. आमच्या विहिरीचं पाणी गोड म्हणून गावात नाव आहे. सहा महिन्यांनी प्लेट उघडली तर केसाएवढ्या चिरांत हिरवट चिखल.

मडगाव
आत तांबं आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात असतात. गंज रोखणारं औषध त्या पाण्यात लागतंच. विहीर कितीही गोड असो.

वास्को
नॉक्टुआचा डी१५, हवेचा. १६५ मिमी उंच, त्यासाठी कॅबिनेट बदलावं लागलं. बिघडायला त्यात आहे काय? पंखा गेला तर पंखा बदलायचा.

डिचोली
इको मोड लावला. ७८. तासाभराच्या रेंडरला चार-पाच मिनिटं जास्त लागतात, पण सासूबाई काही विचारत नाहीत. मग कॅबिनेटची पुढची जाळी काढून धुतली. तीन बादल्या झाल्या तरी पाणी लालच. वाळली की परत लावते आणि कूलरचे पैसे तूर्त तसेच ठेवते. फोंडेकर, त्या माणसाला एक फोन करा हो.