जुन्या व्हर्जनची फोल्डरं: ठेवायची का उडवायची?

काटेवाला, वणी
आमच्या जिनिंगमध्ये वजनकाट्याचा प्रोग्राम लिनक्सवर आहे. दर अपडेटला वेगळं फोल्डर बनतं, ४.१, ४.२, ४.३ असं. 'चालू' नावाची सिमलिंक, म्हणजे फोल्डरकडं बोट दाखवणारा शॉर्टकट, त्यातलं एक दाखवते. माझं मत: जुनं एकही फोल्डर उडवू नका. अपडेट चालू असताना लाइन गेली तर नवं फोल्डर अर्धवट राहतं, पण लिंक जुन्यावरच असते, काटा बंद पडत नाही. कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असताना नव्या व्हर्जननं पावती नाही काढली, तर लिंक मागं फिरवायची अन् कामाला लागायचं. इथल्या नेटवर जुनं व्हर्जन पुन्हा उतरवत बसणं जमत नाही.

सेवा केंद्र, दारव्हा
नाही पटलं भाऊ. डिस्क भरली की पोस्टग्रेस, म्हणजे पावत्या ठेवणारा डेटाबेस, बंद, मग लिंक कुठंही फिरवा. चालू आणि त्याच्या आधीचं, दोन पुरे. विंडोज १० सुद्धा मोठ्या अपग्रेडनंतर जुनं फोल्डर १० दिवसच ठेवते.

काटेवाला, वणी
प्रोग्रामच्या फोल्डरांनी नाही भरत डिस्क. भरते लॉगनं, म्हणजे प्रोग्राम लिहीत राहतो त्या नोंदींच्या फाइलींनी, आणि त्याच डिस्कवर टाकलेल्या बॅकअपनं. झाडलोट तिथं करा ना!

डेटाबेसवाला, नागपूर
दोघंही फोल्डरांवर अडलात, धोका डेटाचा आहे. अपडेटनं टेबलं, म्हणजे डेटाबेसमधले तक्ते, बदलली असतील तर ४.२ कडे लिंक फिरवून काय होणार? जुना प्रोग्राम नव्या टेबलांवर चालेलच असं नाही. पोस्टग्रेसचं तर आणखी कडक. व्हर्जन १५ चा डेटा १६ थेट उघडत नाही, पीजी-अपग्रेड हे साधन लागतं, नाहीतर डंप (डेटाची काढलेली प्रत) घेऊन पुन्हा चढवावा लागतो. पीजी-अपग्रेड लिंक मोडमध्ये, म्हणजे फाइलींची प्रत न काढता, केलं की जुनी-नवी दोन्ही डिरेक्टऱ्या (डेटाची फोल्डरं) त्याच फाइली वापरतात. नवा सर्व्हर एकदा सुरू झाला की जुनी डिरेक्टरी दिसते तशीच, पण वापरायच्या लायकीची राहत नाही. अपग्रेडआधीचा बॅकअप, तोही दुसऱ्या डिस्कवर, हाच खरा परतीचा रस्ता.

सेवा केंद्र, दारव्हा
हेच म्हणतो मी. फोल्डरांची रांग पाहून माणूस निर्धास्त होतो आणि बॅकअप राहून जातो.

काटेवाला, वणी
बॅकअप घ्याच, कोण नाही म्हणतं? पण दुपारी ४ वाजता सकाळचा बॅकअप चढवला तर मधल्या सगळ्या पावत्या गेल्या. शेतकऱ्याच्या वजनाचा हिशेब आहे तो, कोणत्या तोंडानं सांगू त्याला? टेबलं बदलणारं अपडेट मी उन्हाळ्यात लावतो, काटा रिकामा असतो तेव्हा. हंगामात फक्त प्रोग्राम बदलणारं, आणि त्याला जुनी फोल्डरं लागतातच.

सेवा केंद्र, दारव्हा
आणि सुरक्षेचं अपडेट डिसेंबरात आलं, टेबलं बदलणारं, तर उन्हाळ्यापर्यंत थांबणार?

डेटाबेसवाला, नागपूर
थांबू नका. रात्री काटा बंद झाल्यावर डंप घ्या, दुसऱ्या मशीनवर चढवून पाहा, मग अपडेट लावा. सकाळी पहिली गाडी काट्यावर चढायच्या आत एक पावती काढून बघा, कारण तोवरच काही न गमावता मागं फिरता येतं.